आधी जुने की आधी नवे?

पाचगणीत पाऊस लागला की टेबललँड धुक्यात बुडते आणि आम्ही भावंडे घरात अडकतो. यंदा ईदीचे पैसे साठवून आम्ही 'एज ऑफ एम्पायर्स २' या संगणकावरील खेळाचा 'डायनेस्टीज ऑफ इंडिया' हा २०२२ चा जोडभाग घेतला. त्यात बाबरची मोहीम आहे. 'द कॉन्करर्स' हा जोडभाग २००० सालचा. २०१९ च्या सुधारित आवृत्तीत तो मूळ खेळाबरोबरच मिळतो, वेगळे पैसे पडत नाहीत. मग आधी कोणता खेळायचा?

"दोन्हींच्या गोष्टी वेगळ्या, मग जुना कशाला?" धाकटा म्हणाला. त्याचे खरेच होते. जुन्यावाचून नव्याचे काही अडत नाही. आम्ही बाबरपासून सुरुवात केली.

दुबईहून रजेवर आलेले भाईजान मागे बसले होते. हा खेळ आम्हाला त्यांनीच शिकवला, तोही 'कॉन्करर्स'वर. पण बंगाली, द्रविड, गुर्जर, हिंदुस्थानी ही सैन्ये त्यांना नवखी होती. थोड्या वेळाने ते काही न बोलता झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी मगरिबनंतर आम्ही माँटेझुमाची मोहीम लावली. भाईजानांनी खुर्ची पुढे ओढली. "अरे, अ‍ॅझ्टेकांकडे घोडदळ नसते. गरुडयोद्धे वाढव," ते धाकट्याला सांगू लागले. अम्मीला जेवायला तीनदा हाक मारावी लागली.

बाबर कुठे पळून जात नाही. भाईजानांच्या रजेचे मात्र अकराच दिवस उरलेत. म्हणून आमच्या घरी ठरले, आधी जुने.