तीनदा दाबून

आमच्या फाटकाच्या डाव्या खांबाला गुडघ्याच्या उंचीवर एक टवका उडालेला आहे. दर दिवाळीला रंगारी तो लांबीने भरायला निघतो आणि दर दिवाळीला मी त्याला अडवतो.

ब्रेकशी माझी झटापट त्या टवक्याच्याही आधीची. सहावीत होतो. वडिलांच्या सायकलचे ब्रेक कुरकुरायचे. कुरकुरणाऱ्या वस्तूला तेल घालतात, हे आजीच्या शिवणयंत्रामुळे माहीत होतं. तेच तेल मी ब्रेकच्या रबरांना आणि रिमला सढळ हाताने सोडलं. कुरकुर थांबली, सायकल मात्र थांबेना. कराडच्या प्रीतिसंगमाकडे उतरताना पायातल्या चपला घासत कसाबसा थांबलो. घरी फक्त चपलांबद्दल मार बसला, तेलाचं कुणाला कळलंच नाही.

२००१ साली सेकंडहँड मारुती ८०० घेतली. पुढे डिस्क, मागे ड्रम. पॅड बदलायचे पैसे गॅरेजवाल्याने सांगितले आणि माझ्यातला कारागीर जागा झाला. जॅक लावला, चाक काढलं, कॅलिपर उचलला. नवे पॅड जाड, म्हणून बाहेर आलेला पिस्टन फळी लावून मागे रेटला. रेटलेलं ऑइल वर टाकीत जातं, हा विचार डोक्यात नव्हता. पॅड झिजतात तशी टाकीतली पातळी आपोआप खाली येते. मी मात्र ऑइल गळतंय असं समजून महिनाभरापूर्वीच ती काठोकाठ भरून ठेवली होती. ऑइल उतू गेलं, मडगार्डवर ओघळलं. ब्रेक ऑइल रंग खातं. पुसायचं राहिलं आणि सकाळी रंगाला फोड आले होते.

पण त्या दुपारी मी खुशीत होतो. चाकं बसवली, गाडी चालू केली, अंगणाच्या उतारावर सोडली आणि फाटकाशी ब्रेक दाबला. पेडल थेट तळाला टेकलं. पायाखाली काहीच नाही. पायरी आहे असं समजून अंधारात पाऊल टाकावं, तसं. मागे रेटलेला पिस्टन अजून पॅडपर्यंत पोचलाच नव्हता. निघण्याआधी उभ्या गाडीतच, पेडल कडक लागेपर्यंत ते दाबायचं असतं. दोन-तीन वेळा, बस. हँडब्रेक हाताशीच होता. तो तारेने मागच्या चाकांना धरतो, त्याने गाडी थांबली असती. सुचला नाही. खांबानेच थांबवली.

पुढे ड्रमही उघडले, तेही दोन्ही बाजूंचे एकदम. शू, स्प्रिंगा, पिना सगळं एकाच घमेल्यात. कुठली स्प्रिंग कुठे, हे रात्री साडेदहापर्यंत बॅटरीच्या उजेडात शोधत बसलो. बघून जुळवायला एक बाजू न खोलता ठेवायची, हे तेव्हा उमगलं.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला मात्र दुसरा माणूस लागतो. बायको सीटवर, मी चाकाशी, निपलला पारदर्शक नळी. "दाब. धर. सोड." तासभर बुडबुडे येतच राहिले. शेवटी तिने खिडकीतून डोकं काढलं, "अहो, तुम्ही पाना आवळायच्या आधीच 'सोड' म्हणता. मग हवा परत आत नाही का जाणार?" त्यानंतर दहा मिनिटांत काम झालं. हुकूम तिचे होते.

सगळ्यात वाईट चूक दिसलीच नाही, वर्षभर. अर्धवट वापरलेली ऑइलची बाटली मी शेडमध्ये ढिल्या झाकणाने ठेवली होती आणि पावसाळ्यानंतर तेच ऑइल गाडीत भरलं. ते हवेतला ओलावा पितं. डॉट ३ प्रतीचं कोरं ऑइल किमान २०५ अंशांना उकळतं. पाणी प्यायलेलं १४० अंशांच्या आसपासही उकळू शकतं. कुंभार्ली घाट उतरताना, चिपळूणच्या अलीकडे, तिसऱ्या गिअरमध्ये सतत ब्रेकवर पाय ठेवून येत होतो. पेडल हळूहळू मऊ पडू लागलं. मागे मुलगी झोपलेली. दुसरा टाकला, मग पहिला. हँडब्रेक ओढून गाडी कडेला घेतली आणि अर्धा तास दगडावर बसून राहिलो. बायको एक शब्द बोलली नाही. तेच जास्त लागलं.

तीच मुलगी आता पुण्यात गाडी शिकली. किल्ली फिरवण्याआधी ती तीनदा पेडल दाबते. "हे कोणी शिकवलं?" म्हणून ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर हसला म्हणे. "बाबा दाबतात," ती म्हणाली. का, ते तिला मी अजून सांगितलेलं नाही.