ठाणे जुळलं, पण कुठलं?

स्टाटा या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन फाइली जोडायची आज्ञा एका ओळीची असते. ती चालवली की स्टाटा पडद्यावर छोटासा तक्ता काढतं: किती ओळी जुळल्या, किती राहिल्या. शिवाय प्रत्येक ओळीला एक आकडा चिकटवतं. ओळ फक्त पहिल्या फाइलीत असेल तर १, फक्त दुसरीत असेल तर २, दोन्हीकडे सापडली तर ३. या कॉलमचं नाव 'अंडरस्कोर मर्ज'. आमच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांना त्याची कटकट वाटते. तो तसाच ठेवून पुढची फाइल जोडायला गेलं की 'हा कॉलम आधीच आहे' म्हणून स्टाटा अडून बसतं. मग लोक तो न बघताच पुसून टाकतात. मला मात्र ते अडून बसणं आवडतं.

बाकीची साधनं एवढी भांडत नाहीत. आरमधलं साधं मर्ज काय किंवा पायथनमधलं पांडाज काय, वेगळं काही सांगितलं नाही तर फक्त जुळलेल्या ओळी ठेवतात, उरलेल्या गुपचूप गळतात. पांडाज खुणेचा कॉलम देतं, पण मागितला तरच. सॅसमध्ये ओळ कुठून आली याची खूण आपणच मागायची, आणि ती वेगळ्या कॉलममध्ये उतरवून घेतली नाही तर नव्या फाइलीत तिचा मागमूस राहत नाही.

लग्न आटोपल्यावर आमंत्रणाची यादी आणि आहेराची वही घेऊन बसणाऱ्या मावशीला हे कुणी शिकवावं लागत नाही. बोलावलं पण आले नाहीत ते कोण, आणि यादीत नसताना पाकीट देऊन गेले ते कोण, तिचा सगळा जीव तिथे. दोन्हीकडे नाव असलेल्यांवर ती नुसती टिक करते. आमच्या कामात तेवढ्यानं भागत नाही, टिक झालेली नावंही तपासावी लागतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) २०११च्या जनगणनेतले ६४० जिल्हे होते, पाचवीत (२०१९-२१) ७०७ झाले. दोन्ही जोडून 'मधल्या काळात मुलांच्या वजनात काय सुधारलं' ते काढून द्या, असं काम नेहमी येतं. नुसत्या जिल्ह्याच्या नावावर जोडलं तर पहिल्याच पायरीला ठेच लागते. तेव्हा औरंगाबाद नावाचा जिल्हा मराठवाड्यातही होता आणि बिहारातही. आपला रायगड जनगणनेच्या इंग्रजी यादीत छत्तीसगडच्या रायगढसारखाच लिहिलेला. स्टाटाला 'एकास एक' असं बजावलं असेल तर नाव एकमेव नाही म्हणून ते थांबतं. घाईतला माणूस तिथे 'अनेकास अनेक' लिहून मोकळा होतो. मग त्या-त्या नावाच्या ओळी नुसत्या क्रमानं जोडल्या जातात आणि बिहारचा आकडा मराठवाड्याला चिकटू शकतो, तोही ३ ची मोहर घेऊन. स्टाटाची माहितीपुस्तिका स्वतःच या प्रकारापासून लांब राहायला सांगते.

राज्याचं नाव जोडीला घेतलं की हा घोळ मिटतो. पालघर मात्र तरीही २ घेऊन येतं, म्हणजे फक्त पाचव्या फेरीत सापडतं. साहजिकच आहे, १ ऑगस्ट २०१४ ला ते ठाण्यातून वेगळं झालं आणि चौथी फेरी जुन्या हद्दींवर झाली. इथे हमखास सूचना येते: एकच तर ओळ आहे, गाळा. म्हणजे ज्यांची नावं कुपोषणाच्या बातम्यांत वर्षानुवर्षं येताहेत ते पालघरचे जव्हार-मोखाडा तालुके आपण मुलांच्या वजनाच्या अभ्यासातूनच गाळायचे! न जुळणाऱ्या ओळी क्वचितच कुठल्याही असतात. बहुधा त्या नव्या, आडबाजूच्या किंवा दहा प्रकारे लिहिल्या जाणाऱ्या गावांच्या असतात, आणि त्या गेल्या की सरासरी उगाचच गोरीगोमटी दिसते.

पण पालघर निदान २ दाखवून आपल्याला थांबवतं. खरं फसवतं ते ठाणे. त्याला ३ मिळतो. चौथ्या फेरीतल्या ठाण्यात डहाणू, तलासरी, विक्रमगड, वसई हे आताच्या पालघरचे तालुकेही होते. २०११ला तो १ कोटी १० लाखांवर वस्तीचा, देशातला सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा होता. पाचव्या फेरीतल्या ठाण्यात सातच तालुके उरले. कुणाच्या ताटात घासभर जास्त पडला नाही तरी या दोन आकड्यांत फरक दिसू शकतो, आणि आपण त्याला योजनेचं यश म्हणून मोकळे होतो. संगणकाची चूक नाही. त्याला नाव जुळवायला सांगितलं होतं, हद्द नव्हे.

जुनं ठाणे आता फोडता येत नाही, किमान छापील जिल्हापत्रकावरून तरी. म्हणून नवे दोन जिल्हे एकत्र करायचे. दोन टक्केवाऱ्यांची बेरीज करून निम्मी घेतली तर ते चूक, कारण दोन्हीकडची वस्ती सारखी नाही. घरवार माहितीच्या फाइलीत उतरून, सर्वेक्षणाचे वेट लावून, आकडा नव्यानं काढावा लागतो. अर्धा दिवस जातो. मग तक्त्यात 'ठाणे (पालघरसह)' अशी एक ओळ येते. स्टाटाच्या कॉलमशेजारी मी माझा एक कॉलम ठेवते: जुळलं, पण हद्द बदलली. त्यात मी हातानंच भरते, जिल्हानिर्मितीच्या तारखा समोर ठेवून.

तेलंगणात ही युक्ती चालत नाही. २०१६ मध्ये तिथे १० जिल्ह्यांचे ३१ झाले आणि काही नव्या जिल्ह्यांत एकाहून अधिक जुन्या जिल्ह्यांतली मंडलं आली. नुसते नवे जिल्हे एकत्र करून तिथे जुनी हद्द सगळीकडे परत मिळत नाही. तिथे मी जिल्हे सोडून राज्याचाच आकडा देते आणि तक्त्याखाली तसं लिहिते.