टबाचं काय करायचं?

गेले दोन महिने आमच्या घरात एकच विषय आहे, बाथरूम. मुलाचा अमेरिकेतून फोन आला तरी तब्येतीची चौकशी नंतर, आधी "आई, टबाचं काय ठरलं?"

मास्तरांच्या घरात टब, याचं लोकांना अजून हसू येतं. १९८६ साली कॅम्पातला एक जुना बंगला पाडत होते, तिथून ह्यांनी तो बिडाचा टब हौसेने आणला. चार हमालांनी जिन्यावरून चढवला, तेव्हा सासरे एवढंच म्हणाले, "म्हैस बसवणार का यात?" टबात पडून अंघोळ कोणी फारशी केलीच नाही. अर्धा भरायचा तरी शंभरएक लिटर पाणी! बादलीभर पाण्यात उरकणारी माणसं आम्ही. मग त्याचा हौद झाला. गुरुवारी पाणी बंद असलं की बुधवारी रात्री भरून ठेवायचा. उन्हाळ्यात नातवंडं डुंबायची. २०२० साली करोनामुळे गणपतीचं विसर्जन घरीच करायचं होतं, तेव्हा आमची शाडूची मूर्तीही त्यातच विसर्जित झाली. तळाशी बसलेली माती ह्यांनी दुसऱ्या दिवशी हाताने गोळा केली आणि तुळशीत घातली.

असो. शॉवर टबाच्या वरच आहे, त्यामुळे अंघोळीला दीड फुटाचा काठ ओलांडावा लागतो. फेब्रुवारीत हे बाहेर येताना घसरले आणि नेमके दाराला टेकून पडले. दार आत उघडणारं. ढकललं की ह्यांच्या पायावर दाब यायचा. वीस मिनिटं मी अलीकडे उभी. आत नळ वाहतोय आणि हे "मी बरा आहे" म्हणतायत, तेही दर वेळी जरा हळू आवाजात. शेवटी शेजारच्या मुलाने खिडकीच्या काचपट्ट्या काढून आत उडी मारली. मनगटावर निभावलं.

त्यानंतर खल सुरू झाला. टब तसाच ठेवून आधाराला दांडे लावायचे, हा सगळ्यात स्वस्त मार्ग. पण पाय उचलणं टळत नाहीच. मुलाने दार असलेल्या टबाचे फोटो पाठवले. त्यात म्हणे टब भरेपर्यंत माणसाने आत बसायचं आणि पाणी निघून जाईपर्यंतही बसायचं. ओल्या अंगाने! नको रे बाबा.

उरला तिसरा मार्ग. सगळं उखडायचं, उंबरासुद्धा, आणि नहाणी ट्रॅपकडे उतार देऊन एकसपाट फरशी करायची. गवंड्याने खर्च सांगताना आधी वाईट बातमी दिली. टबाखालचं वॉटरप्रूफिंग नव्याने करावं लागेल, जी.आय.चे पाइप गंजलेत तेही बदला, आणि फरशी बसवण्याआधी दोन दिवस पाणी तुंबवून खालच्यांच्या छताला ओल येते का ते बघू. माणूस सरळ वाटला. टॉवेलच्या दांडीला आधाराचा दांडा समजू नका, तो टाइलमध्ये नाही, विटेत घट्ट बसला पाहिजे, हेही त्यानेच सांगितलं. टाइल्सच्या दुकानात मी बाटलीभर पाणी घेऊन गेले, नमुन्यांवर ओतलं आणि चप्पल काढून उभी राहिले. विक्रेता अवाक! चकचकीत टाइल्स तिथल्या तिथे बाद झाल्या.

दार बाहेर उघडणारं करायचं, हे मात्र मी कोणालाही न विचारता ठरवलं. पॅसेजमधलं बेसिन आड येतं म्हणे. हलवा बेसिन.

ह्यांचा विरोध खर्चाला नव्हताच. "टब काढणं म्हणजे मी म्हातारा झालो, असं भिंतीवर लिहून ठेवणं," म्हणाले. मी चिडून म्हटलं, "अहो, एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला दुसरं काय म्हणतात?" दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी टबाला रुकार आला, पण मग कडीवरून अडलं. मला आतून कडीच नको होती. हे म्हणाले, "जन्मभर कडी लावून अंघोळ केली. तेवढं राहू दे."

यावर मला उत्तर सुचलं नाही. हार्डवेअरवाल्याने तोडगा काढला. आतून लागते, पण बाहेरच्या खाचेत नाणं फिरवलं की उघडते, अशी कडी असते. ह्यांना पटेना. दुकानातल्या नमुन्याच्या दारामागे मला उभं केलं, आतून कडी लावायला सांगितली आणि स्वतः खिशातलं दोन रुपयांचं नाणं काढून बाहेरून उघडून पाहिली. तीनदा.

सोमवारी गवंडी येतोय.