अन्वय, व्यतिरेक आणि मोटारीची बॅटरी

शाळेत असताना अन्वय आणि व्यतिरेक आम्ही किती वेळा शिकविला असेल, याची गणती नाही. जेथे धूर तेथे अग्नी, हा अन्वय. जेथे अग्नी नाही तेथे धूरही नाही, हा व्यतिरेक. दोन्ही बाजूंनी पडताळल्यावाचून कारणाचा निर्णय करू नये, असे आम्ही मुलांस बजावीत असू. निवृत्तीनंतर आपल्याच घरात आम्ही तो पाठ विसरलो, आणि मोटारीच्या बॅटरीने त्याची आठवण करून दिली.

सिहोऱ्यास आमचे एकत्र कुटुंब आहे. घरची मोटार छपरीत उभी असते. तुमसरास किंवा भंडाऱ्यास काम निघाले म्हणजे आठ-पंधरा दिवसांतून बाहेर पडते. गेल्या दिवाळीनंतर तिने एक खोड धरली. तीन-चार दिवस उभी राहिली की किल्ली फिरविताच ‘कट् कट्’ करावे आणि गप्प बसावे. आमचा पुतण्या गाडीत बसून गाणी ऐकतो, हे आम्हांस ठाऊक होते. धूर दिसला, अग्नी ठरला! चारचौघांदेखत आम्ही त्यास बोल लाविला. तो एक शब्द बोलला नाही. मात्र त्या दिवसापासून गाडीत बसेनासा झाला, आणि रात्री आमच्यापाशी येऊन बसणेही त्याने सोडिले.

गाडीची खोड मात्र गेली नाही. मानलेले कारण दूर होऊनही कार्य कायम राहिले, तेव्हा ते कारणच नव्हे, हे उघड होते. पण शब्द मागे घेण्यापेक्षा बॅटरी बदलणे आम्हांस सोपे वाटले. नवी बॅटरी आणविली. पुढे थंडीतील एका रात्री वहिनींचा श्वास कोंडू लागला. त्यांस तुमसरास नेणे भाग होते. किल्ली फिरविली, तर नवी बॅटरीही मुकी! पुतण्या धावत जाऊन शेजाऱ्यांस उठवून आला आणि त्यांच्या जीपमधून वहिनींस घेऊन गेला. त्या बऱ्या झाल्या. परंतु त्या अर्ध्या तासाची आठवण अजूनही अंगावर काटा आणिते.

मग आम्ही मोटारीच्या विजेचे काम जाणणाऱ्या मिस्त्रीस बोलाविले. त्याने प्रथम बॅटरी चार्जरवर रात्रभर भरून घेतली. भरलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असावा, तितका तो भरला. बॅटरी निर्दोष होती. मग त्याने ऋण टोकाची वायर सोडवून मधे मीटर जोडला, आणि मीटर जोडलेला असता किल्ली फिरवू नका, असे आम्हांस बजाविले. स्टार्टर ओढतो तो मोठा प्रवाह मीटरास सोसत नाही. उघड्या दाराचे कुलूप पेचकसाने दाबून दार बंद असल्याचा भास गाडीस करून दिला आणि तो स्वस्थ बसला.

“आता काय?” आम्ही विचारिले.

“अर्धा तास थांबा, गुरुजी. गाडीतले कॉम्प्युटर झोपू द्या.”

हल्लीच्या मोटारीस बंद असतानाही यत्किंचित वीज लागते, पण ती साधारणतः ०.०५ अँपिअरच्या आत. आमचा मीटर अर्ध्या तासानंतरही ०.४४ दाखवीत होता. मिस्त्री एकेक फ्यूज काढून पाहू लागला. काढावा, मीटर पाहावा, परत बसवावा. एक काढताच आकडा ०.०३ वर आला. बसविताच पुन्हा ०.४४. आमचा व्यतिरेक तो पेचकसाने सिद्ध करीत होता!

तो फ्यूज डिकीच्या दिव्याचा होता. पुतण्याने आपल्या मोबाइलचा कॅमेरा चालू करून तो डिकीत ठेविला व झाकण लाविले. चित्रात झाकण बंद झाल्यावरही दिवा जळतच होता. झाकणाने दबावयाचा स्विच वाकला होता. दिवा अवघा ५ वॅटचा; परंतु दिवसाकाठी सुमारे १० अँपिअर-तास जाऊ लागले, तर ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन-चार दिवसांपलीकडे कशी टिकावी? आणि स्विच वाकला कसा? दिवाळीत तांदळाची पोती डिकीत कोंबून झाकण जोराने आपटणारे गृहस्थ आम्हीच!

आमच्या तालुक्यातील डोंगरी बुजुर्गच्या खाणीतले मँगनीज डायऑक्साइड टॉर्चच्या कोरड्या सेलांसाठी जाते; तसला सेल संपला की फेकावयाचा. मोटारीची बॅटरी निराळी. शिसे व गंधकाम्ल यांची ही बॅटरी १८५९ साली गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधिली. ती पुनःपुन्हा भरता येते. मात्र रिकामी पडून राहिली तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात, आणि मग ती पूर्ववत भरत नाही. मिस्त्रीने हे सांगितले तेव्हा आमच्या मनात बॅटरीखेरीज दुसरीही एक गोष्ट आली.

नवा स्विच बसला. त्याच सायंकाळी, ज्या चारचौघांदेखत बोल लाविला होता, त्यांच्याच देखत आम्ही पुतण्यापाशी आपली चूक कबूल केली. तो ओशाळून म्हणाला, “काका, गाडी चालू झाली ना? मग झालं तर.”

त्या रात्री तो पुन्हा आमच्यापाशी येऊन बसला.