अर्धा गुण

मैत्रिणींनो, मुलं स्पर्धेहून घरी आली की तुम्ही पहिला प्रश्न काय विचारता? ‘जिंकलास का?’ हाच ना! मीही तोच विचारला नि चुकले.

माझी सहावीतली लेक बुद्धिबळ स्पर्धेहून आली. समोर दहावीतली मुलगी होती, डाव बरोबरीत सुटला. पोळ्या लाटता लाटता मी म्हटलं, “सुरुवातीलाच प्यादं मिळालं म्हणतेस, मग जिंकली का नाहीस?” झालं! पोरगी न बोलता आत गेली, जेवायलाही उठेना.

शेवटी मीच पट घेऊन तिच्याजवळ बसले. “दाखव बाई, काय झालं ते.”

समोरचीने वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. हिनेही तसंच केलं. मग तिने शेजारच्या उंटापुढचं प्यादं हिच्या तोंडी दिलं. या सुरुवातीला क्वीन्स गॅम्बिट म्हणतात. हिने ते मारलं. “पण आई, ते प्यादं राखत बसायचं नसतं. तसं केलं की आपलीच बाजू खिळखिळी होते. ते परत जाऊ द्यायचं नि तेवढ्यात घोडे-उंट बाहेर काढून किल्लेकोट करायचा.”

मग तिने एक मोठा डाव मांडला. २६ जुलै २०२५, जॉर्जियातलं बाटुमी, महिला विश्वचषकाची अंतिम लढत. पांढरी मोहरी नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखची, काळी ३८ वर्षांच्या कोनेरू हंपीची. सुरुवात हीच! दिव्या वरचढ झाली होती, पण हंपीने डाव सावरला. ४१ चालींनंतर बरोबरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा बरोबरी. निकाल लागला तो २८ तारखेला, जलद डावांत. दिव्या जिंकली.

“आई, हंपीलाही एक मुलगी आहे. तिने विचारलं असेल का गं, का नाही जिंकलीस म्हणून?”

मला उत्तर सुचेना. शाळेत अर्ध्या गुणासाठी मुली उत्तरपत्रिका घेऊन माझ्यामागे लागतात, तेव्हा त्याची किंमत मला कळते. आणि घरी लेकीने झुंजून आणलेला अर्धा गुण मात्र मी पोळपाटावरच्या पिठासारखा झटकून टाकला होता.

हल्ली ती आली की मी विचारते, “डाव कसा झाला?” मग ती ओट्याशी उभी राहून सगळा डाव सांगते. पोळी एखादी करपते, पण चालायचंच!