कोठाराची किल्ली

देवाच्या काठीला आवाज नसतो, असे आमच्या घरातील वडीलधारी मंडळी म्हणत. उंबरठ्याबाहेर पडलो की शेजारची माळवी मंडळी तेच निराळ्या शब्दांत सांगत, की भगवंताच्या घरी उशीर असेल, पण अंधेर नाही. इंदूरसारख्या गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना ही दोन्ही वचने सारखीच परिचयाची. दोहोंतील आश्वासन एकच : न्याय होईल. तो केव्हा होईल आणि कोणाच्या हातून होईल, हे मात्र दोन्हीही सांगत नाहीत.

हा दुसरा प्रश्न आमच्या मनात जागा केला तो दामाजीपंतांच्या आख्यानाने. शासकीय सेवेतील आमचा बराच काळ धान्याची गोदामे आणि साठ्याच्या नोंदवह्या यांत गेला. त्यामुळे कीर्तनाच्या उत्तररंगात हे आख्यान लागले की इतर श्रोते विठ्ठलाच्या येण्याची वाट पाहत आणि आमचे लक्ष मात्र कोठाराच्या किल्लीकडे असे. पंधराव्या शतकात मंगळवेढा बिदरच्या बहामनी सत्तेखाली होते आणि दामाजीपंत तेथील अधिकारी. दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून मरू लागली, आणि पंतांनी सरकारी कोठार लोकांसाठी उघडले. बादशहाने त्यांना पकडून आणण्याचा हुकूम दिला. ते बिदरला पोहोचण्यापूर्वीच विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन दरबारात धान्याच्या किमतीचा भरणा केला आणि रीतसर पावती घेतली, असे महिपतींच्या १७६२ सालच्या ‘भक्तविजया’मुळे घरोघर ठाऊक झाले.

या कथेतील क्रम आम्हांला महत्त्वाचा वाटतो. भुकेलेल्यांसाठी आकाशातून धान्य पडले नाही. त्यांची सुटका पंतांच्या हातून झाली, आणि तीही पंतांच्या स्वतःच्या सुटकेची कोणतीच खात्री नसताना. किल्ली फिरवताना त्यांच्यापाशी पावती नव्हती. होता तो केवळ भरवसा. आशा या शब्दाचा याहून नेमका अर्थ आम्हांस सापडलेला नाही.

या भरवशाची किंमत काय असते, हे आम्हांला पुढे एका खातेनिहाय चौकशीत कळले. धान्यसाठ्यातील तुटीचा ठपका आमच्यावर ठेवला गेला. चौकशी चार वर्षे रेंगाळली. पदोन्नती थांबली, लग्नकार्यांत नातलगांचे बोलणे तुटक होऊ लागले. सौभाग्यवती रोज पंढरीनाथाच्या देवळात जात. आम्ही फायली चाळत बसत असू. अखेर आमच्या बाजूने उभा राहिला तो गोदामातील एक हमाल. पोती किती उतरली, किती चढली आणि त्या दिवशी काट्यावर कोण उभे होते, हे त्याने चौकशी अधिकाऱ्यासमोर भीडभाड न ठेवता सांगितले. त्याला मुकादमाने आधीच बजावले होते. साक्ष दिली त्या हंगामात त्याला तेथे काम मिळाले नाही. आम्ही निर्दोष ठरलो आणि यथाकाल संपूर्ण निवृत्तिवेतनासह घरी आलो. त्याला निवृत्तिवेतन कोठले? नंतर आम्ही त्याला दुसरीकडे काम मिळवून दिले, तरी त्या दोन निवाड्यांतील अंतर आमच्या मनातून गेलेले नाही. देवाने आम्हांला सोडवले असे म्हणताना, त्याचा हिशेब अजून बाकी आहे हेही म्हणावे लागते.

मंगळवेढ्याच्या मातीतही हा बाकी हिशेब आहे. दामाजीपंतांच्या आधी, १३३८ साली, त्याच गावात वेशीचे बांधकाम कोसळले आणि त्याखाली वेठीस आणलेले मजूर गाडले गेले, अशी परंपरा आहे. त्यांत संत चोखामेळा होते. विठ्ठल त्यांच्यासाठी धावून आला असे कोणी सांगत नाही. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास नेल्या आणि महाद्वारापाशी समाधी झाली, देवळाच्या बाहेरच. एकाच गावात एक भक्त सुटतो आणि दुसरा ढिगाऱ्याखाली जातो, हे पाहूनही देवाच्या न्यायावर विश्वास कसा ठेवावा?

याचे पूर्ण उत्तर आमच्यापाशी नाही. परंतु लोकमानसाने दामाजीपंतांची कथा रचताना देवाला कोणते रूप दिले, हे पाहण्यासारखे आहे. सावकाराचे नाही, सरदाराचे नाही, पुरोहिताचेही नाही. ज्या समाजाला त्याने उंबरठ्याबाहेर उभे ठेवले, त्याच समाजाच्या माणसाचे रूप घेऊन देव दरबारात गेला. सहाशे वर्षे जे दार चोखोबांच्या माणसांना बंद होते, ते उघडण्यासाठी साने गुरुजींनी १९४७च्या मे महिन्यात पंढरपुरात दहा दिवस उपोषण केले आणि ते दार उघडले. ही किल्लीही माणसांनीच फिरवली. उशीर किती झाला, हे समाधीवरून ध्यानात येते. उशिराचा दोष देवाच्या माथी मारणे मात्र आम्हांला जमत नाही.

२०२० आणि २०२१ च्या महामारीत आपल्यापैकी अनेकांनी बंद दाराआड बसून ईश्वराचा धावा केला. त्याच दिवसांत कोणाच्या तरी दारात डबा ठेवून जाणारे, अनोळखी प्रेताला खांदा देणारे लोक आपण पाहिले. त्यांतील बहुतेकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, आणि त्यांनीही पावती मागितली नाही. संकटात देवाकडे न्याय जरूर मागावा; आम्हीही मागतो. मात्र हात जोडण्यापूर्वी कनवटीला कोणाच्या कोठाराची किल्ली तर अडकलेली नाही ना, एवढे चाचपून पाहण्याची सवय आम्ही या वयात लावून घेतली आहे.