दिवाळीचे गवत आणि ज्येष्ठातली गाय

खानदेशात घरोघरी फराळ तळला जात असतो, तेव्हा डोंगरउतारावरचे गवत हातचे निसटू लागलेले असते. पवन्या, डोंगरी, मारवेल ही इथली जातिवंत गवते पाऊस ओसरता ओसरता फुलोऱ्यावर येतात. तेव्हा पान हिरवे असते, काडी लवचिक असते, ढोरे मुळापर्यंत ओरबाडून खातात. बी धरले की पानातले सत्त्व बियांत आणि मुळांत उतरते. कार्तिक सरेपर्यंत उभ्या वाळलेल्या गवतात प्रथिने जेमतेम 3 टक्के उरतात. गायीच्या कोठीपोटातले जंतू चारा नीट फोडायला 7 टक्क्यांच्या आसपास प्रथिने मागतात. ती मिळाली नाहीत, तर चारा पोटात रेंगाळतो आणि भरल्या गव्हाणीसमोर गाय अर्धपोटी उभी राहते. एप्रिलमध्ये बरगड्या वर आल्या की उन्हाला बोल लावला जातो. माझ्या मते नुकसान ऑक्टोबरातच झालेले असते.

कुसळी गवताचे तर विचारूच नका. त्याची कुसळे सुटली की जनावराच्या जिभेत, हिरड्यांत रुततात. कापायचे तर त्याआधीच.

पण कापण्याजोगे गवत हवे ना? धुळे तालुक्यातल्या लामकानीने ते डोंगरावर परत आणले. पेशाने पॅथॉलॉजिस्ट असलेले डॉ. धनंजय नेवाडकर आणि गावकरी यांनी उजाड उतारांवर समतल चर खोदले आणि त्याहून अवघड असलेली चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. पावसाची सरासरी पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या घरातली, तीही लहरी. अशा मुलखात शेकडो हेक्टर डोंगर गवताने झाकला गेला. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने राखलेले जंगल अधिक प्रसिद्ध आहे. त्यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पूर्वेकडच्या कोरड्या धुळ्यातल्या पशुपालकाने मात्र आधी लामकानी पाहावे, कारण तिथले मुख्य पीक गवत आहे.

बंदीने नेमके काय होते? मोकाट चराईत गाय पवन्या आणि मारवेल निवडून खाते. गवताचे तेच बेट फुटते, पुन्हा खाल्ले जाते, मुळे आखडतात आणि दोन-चार वर्षांत ते मरते. उरतात तरोटा, घाणेरी आणि कुसळी. माळ राखला की क्रम उलटा फिरतो: आधी हंगामी गवते, मग कुसळी, आणि माती धरली की डोंगरी, पवन्या. पहिल्या काही वर्षांत कुसळीच माजलेली पाहून अनेक गावे हिरमुसतात आणि माळ पुन्हा मोकळा सोडतात. ती वर्षे निभावणे हाच या कामातला खरा कस. चांगला राखलेला माळ हेक्टरी दोन-तीन टन वाळलेले गवत देऊ शकतो.

ते किती जनावरांना पुरेल, हे टेपने ठरवता येते. छातीचा घेर इंचांत मोजावा, त्याचा वर्ग करावा, खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि 660 ने भागावे. किलोत वजन मिळते. घेर 64, लांबी 52, तर वजन सुमारे 323 किलो. वजनाच्या अडीच टक्क्यांनी अशा गायीला रोज 8 किलो कोरडा चारा लागतो. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत जवळजवळ एक टन. पाच ढोरांना पाच टन. गंजीत तेवढे नसेल, तर दिवाळीतच कडबा घ्यावा किंवा एखादे जनावर कमी करावे. उन्हाळ्यात चारा महाग असतो आणि जनावर मातीमोल जाते.

जळगावकडे, विशेषतः रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात, केळीच्या खोडांवर भिस्त ठेवली जाते. पाने चारावीत, खोडही चिरून द्यावे. पण खोडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असते. त्यातून 8 किलो कोरडा चारा मिळवायचा तर गायीला शंभर किलोहून अधिक खोड खावे लागेल. पोट फुगलेले दिसते, पाठ मात्र खंगत जाते. त्यापेक्षा दादर ज्वारीचा कडबा कुट्टी करून, सोबत तुरीचे किंवा हरभऱ्याचे कुटार आणि मूठभर सरकी पेंड दिलेली बरी. तापीकाठच्या काळ्या जमिनीतून दादर हटते आहे, तिथे कापूस आणि मका येतो आहे. याची किंमत गोठा मोजतो, हे शेतीच्या हिशेबात कुणी मांडत नाही.

तब्येत नजरेने नव्हे, हाताने पाहावी. कमरेच्या आखूड हाडांवर तळवा ठेवावा. टोके टोचली तर गाय खालावली आहे. हलका दाब दिल्यावर टोके लागली, तर ठीक. शेपटीच्या मुळाशी खळगा खोल असेल, तर विण्याआधीच खुराक वाढवायला हवा. व्याल्यानंतर दुधाची ओढ सुरू होते आणि खालावलेली गाय लवकर माजावर येत नाही.

यंदाच्या कापणीत एक पट्टा मात्र उभा सोडावा, दरवर्षी वेगळा. बी तिथूनच पसरते. बाकीचे गवत जमिनीपासून चार बोटे ठेवून कापावे, म्हणजे फुटवा टिकतो. आणि कापणी आटोपली की होळीच्या आत जाळरेषा काढाव्यात. एका ठिणगीने उभा पट्टा आणि बांधावरची गंजी एकाच दुपारी जाते, म्हणून रेषेची रुंदी ठरवताना आणि राखणीच्या पाळ्या लावताना सगळे गोठेवाले एकत्र बसलेले असावेत.